निर्लेखनाआधीची चाळीस मिनिटं

भांडार अधिकारी मिनलनं निर्लेखनाच्या, म्हणजे बाद सामान मोडीत काढायच्या, यादीवर सही करायला पेन उचललं, तसा समोर उभा असलेला विश्वनाथ म्हणाला, "मॅडम, यातला एक कॉम्प्युटर जरा थांबवा."

मिनल बघतच राहिली. तीस वर्षं विद्यापीठाच्या भांडारात तंत्रज्ञ असलेला माणूस हे बोलत होता. सरकारी अनुदानातलं यंत्र बाद झालं की आतलं सगळं पुसायचं, पुसल्याचा दाखला जोडायचा, मगच ते कबाडीवाल्याच्या गाडीत चढवायचं, हा धडा तिला यानंच दिला होता. 'अहो, माझं संशोधन आत राहिलं' म्हणत आलेल्या भल्याभल्या प्राध्यापकांना यानं दारातूनच परत धाडलं होतं, वर चार शब्द ऐकवून.

तिनं कारण विचारलं. विश्वनाथ एकदा सुरू झाला की समोरच्याला मध्ये शिरायला फट ठेवत नसे. आजही ठेवली नाही.

बारा वर्षांपूर्वी भाषाशास्त्र विभागात गार्गी नावाची एक मुलगी पीएचडी करत होती. पारशिवनीकडच्या बायांची बोली तिला रेकॉर्ड करायची होती. विश्वनाथची बायको सिंधू तिकडचीच. यानंच तिचं नाव सुचवलं, यानंच तिला ठेवणीतली साडी नेसायला लावली, स्कूटरवर बसवून आणलं आणि बुजू नये म्हणून पूर्ण वेळ शेजारी खुर्ची टाकून बसला. चाळीस मिनिटं मुलाखत झाली, आणि ती विभागाच्या याच कॉम्प्युटरमध्ये साठवली गेली. आमची सिंधू चौथी शिकलेली, पण पीएचडीवालीला पुरून उरली, असं तो पुढे महिनाभर कॅन्टीनमध्ये सांगत फिरला.

सिंधू गेली त्याला आता सहा महिने झाले होते. तिचा चेहरा विश्वनाथच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आवाज मात्र काही केल्या आठवेना. त्यानं सारं घर धुंडाळलं. फोन घरात एकच, तो याच्या खिशातला. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती होती, पण त्यावर सगळा बँडच वाजत होता. एका रविवारी तर तो कळमन्याच्या बाजारात नुसताच जाऊन उभा राहिला, पारशिवनीकडून आलेल्या एखाद्या बाईचा सूर तिच्यासारखा लागेल म्हणून. वेडच ते. पण दुःखात माणूस काय काय करतो.

"माणूस गेलं ते गेलं, मॅडम," तो म्हणाला. "आवाजही गेला तर मी कोणाच्या आधारानं राहू? मले एकदा ऐकू द्या. मग माझ्या हातानं पुसतो."

मिनलनं पेन खाली ठेवलं. गाडी तीनला येणार होती. "तीनच्या आत दाखला टेबलावर ठेवा, काका," ती हळूच म्हणाली आणि बाहेर जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

कॉम्प्युटर सुरू होईना. पॉवर सप्लाय जळला होता. विश्वनाथनं ढिगातल्या दुसऱ्या डब्यातला काढून बसवला. असली शेकडो यंत्रं खोललेला माणूस, पण आज स्क्रू दोनदा हातातून निसटला. अखेर पडदा उजळला. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. एकतीस. स्त्री, वय एकेचाळीस, तालुका पारशिवनी, वेळ चाळीस मिनिटं. ते वाचूनच त्याचे डोळे भरून आले.

त्यानं हेडफोन लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बांगड्या वाजल्या. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"बोल वं," तो पुटपुटला. "बोल आता."

"काकू, लहानपणी तुम्ही काय खेळायच्या?" गार्गीनं विचारलं. लगेच दणदणीत उत्तर आलं, "हिले काय आठवते, मी सांगतो ना!" तो आवाज विश्वनाथचाच होता. त्याला वाटलं, सुरुवातीला बुजली असेल बिचारी. त्यानं दहाव्या मिनिटाला नेऊन पाहिलं, मग विसाव्या, मग तिसाव्या. माहेरचे सण तोच सांगत होता, पेरणीची गाणी तोच म्हणत होता. मधूनच कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेई, आणि त्याचा आवाज त्यावर येऊन पडे. तो शेवटच्या मिनिटाला आला. गार्गी म्हणाली, "काकू, तुमच्या मनातलं काही सांगायचं आहे?" बांगड्या वाजल्या, एक लांब श्वास ऐकू आला, आणि विश्वनाथ हसत म्हणाला, "तिले काय सांगाचं राहते, मॅडम? करा बंद."