खंडेनवमीची तपासणी

"आज यंत्राला हात लावायचा न्हाई, साहेब," मल्लाप्पा मेकॅनिक ठामपणे म्हणाला. त्याने यंत्रापुढे कोहळा फोडला आणि कुंकवाचे बोट पोलादाला टेकवले.

उमाकांतराव इंजिनिअरांनी ते वाक्य इंग्रजीतून परदेशी तपासनीस साहेबांना सांगितले. सरकारी कामात ते आयुष्यात प्रथमच फसवणूक करीत होते, आणि तीही देवाच्या आडून.

बंगळुराजवळ, येलहंक्याबाहेरच्या माळावर उभे असलेले ते बोअर पाडण्याचे यंत्र परदेशी मदतीतून आले होते. आसपासच्या गावांना पाणी देऊन ते होळीच्या सुमारास बंद पडले. आतले दातेरी चाक तुटले होते. तसे चाक बंगळुरातल्या एकाही कारखान्यात मिळेना. ते परदेशातूनच यायचे, मदतीच्या पुढल्या हप्त्याबरोबर. आणि पुढला हप्ता मिळण्यास अट अशी, की कारभार चोख असावा, यंत्र चालते असावे आणि मुलखाची भरभराट होत असल्याची तपासनिसाची खात्री पटावी. उमाकांतरावांनी खरी हकीकत दिल्लीपर्यंत कळवून पाहिली. उत्तरादाखल दर वेळी तीच अट आली. अखेर थकून त्यांनी तपासणीसाठी खंडेनवमीचा दिवस सुचवला. त्या दिवशी या शहरात लेथपासून सायकलीपर्यंत सारी अवजारे पूजा घेतात आणि विश्रांती घेतात. बंद यंत्राला त्या दिवशी कोण दोष देणार?

यंत्र शेवंतीच्या माळांनी झाकले होते. चाकांखाली लिंबे ठेवली होती. साहेब घामेजलेली टोपी हातात धरून यंत्राभोवती फिरले.

इतक्यात वस्तीतली भागुबाई दूरच्या तळ्यावरून घागर घेऊन आली. तिच्या घरची मराठी कानडी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती.

"काय मल्लाप्पाअण्णा, कोहळा फोडलास, सरी, बरं केलंस. जमीन कवा फोडनार?"

"स्वल्प थांब की गं अक्का. पूजा चाललीया."

"होळीपासनं पूजाच चाललीया न्हवं!"

मागून येणाऱ्या बायका खळखळून हसल्या. साहेबांनी विचारले, "त्या काय म्हणाल्या?"

"यंत्राला आशीर्वाद देत आहेत," उमाकांतराव म्हणाले. हे असत्य आधीच्यापेक्षा सोपे गेले, याचेच त्यांना वाईट वाटले.

साहेबांनी घागरीतल्या गढूळ पाण्याकडे क्षणभर पाहिले. नंतर त्यांनी चुरमुऱ्यांचा प्रसाद भक्तिभावाने खाल्ला, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि शेरा लिहिला: काम समाधानकारक, पुढील हप्ता द्यावा.

मल्लाप्पाने डोळ्यांनीच आनंद व्यक्त केला. उमाकांतरावांना मात्र आनंद होईना. चाक येईल, पाणी लागेल, भागुबाईची पायपीट थांबेल, हे सारे खरे. परंतु एका भोळ्या, सज्जन परक्या माणसाला आपण डोळ्यांदेखत फसवले, ही बोच त्यांना सोसवेना. जीपचे दार लागण्यापूर्वी ते पुढे झाले.

"साहेब, मला आपल्याला एक गोष्ट सांगायची आहे. हे यंत्र..."

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. त्यांचा आवाज फार दमलेला होता.

"नका सांगू. सांगितलेत तर मला ते लिहावे लागेल." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "त्यापेक्षा मला हे सांगा. पुढल्या महिन्यात मला दुसऱ्या एका जिल्ह्यातला पंप तपासायचा आहे. तोही बंदच आहे. तिकडे असा एखादा सण येतो का?"