बापजाद्यांची नावं

इदिलचा धाकटा दीर लिबान याने स्वतःच पसंत केलेली मुलगी आज हॅनोव्हरच्या घरी आणली होती. नर्सिंग शिकणारी सगल सगळ्यांनाच आवडली. चहा झाल्यावर सासूबाईंनी सोमाली रिवाजाप्रमाणे विचारलं, "आता तुझ्या बापजाद्यांची नावं म्हण बघू, बाळ."

सगल वडिलांपासून म्हणत गेली. नवव्या नावाला सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही मधिबान. कातडी कमावणारे."

"मावशी, माझे वडील बस चालवतात."

"बस चालवून रक्त बदलतं होय?"

"आई, आपण जर्मनीत आहोत!" लिबान म्हणाला.

"म्हणूनच जपायचं. उद्या तुझ्या बहिणींना कोण मागणी घालेल?" त्या इदिलकडे वळल्या. "सूनबाई, तूच समजाव हिला. माझं बोलणं कडू लागतं. तू मोठ्या कुळातली, तुझ्या नावांत एक डाग नाही."

इदिलच्या मांडीवर तिचं तान्हं बाळ झोपलं होतं. खाली मान घालून ती हळूच म्हणाली, "आमच्यात नाही गं जमत."

सगल उठली आणि निघून गेली.

इदिलच्या वडिलांनी लहानपणी तिच्याकडून दोन नामावळ्या पाठ करून घेतल्या होत्या. एक उसन्या कुळाची, चारचौघांत म्हणायची. दुसरी स्वतःची, कधीच तोंडाबाहेर न काढायची.

सगलने आज तिच्या आजोबांपासून पुढे जी नावं म्हटली, ती इदिलच्या या दुसऱ्या नामावळीतलीच होती.