भोंग्याची बोली

भोंगा शेवटी विकला गेला. पण तूर्त ते घडलंच नाही असं धरून चला, कारण या घडीला पांडुरंगराव स्नेहलतागंजातल्या सायबर कॅफेत बसून तो कुणीही विकत घेऊ नये याची पक्की व्यवस्था करत होते.

"काकाजी, नेटवरच्या लिलावात सुरुवातीचा भाव काय टाकू?" ईशाने विचारलं. ती शेजाऱ्यांची मुलगी. कॅफे तिचाच.

"एक लाख."

"एवढ्यात सेकंडहँड मारुती येते."

"मारुतीने अर्धं इंदूर उठतं का?"

भोंगा गिरणीचा होता. गिरणीला टाळं लागलं, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा बॉयलरवर उभा जन्म काढलेल्या पांडुरंगरावांनी हा पितळी ऐवज रीतसर विकत घेऊन घरी आणला आणि बैठकीत टीव्हीशेजारी बसवला. मग ते स्वतःही तिथेच बसले. दिवसभर. बसल्या जागेवरून त्यांनी स्वयंपाकघर चालवायला घेतलं. कुकरची तिसरी शिट्टी घाईत झाली, पोह्यांत सौंफ कमी पडली, दूध उशिरा तापलं. कशाचीही गय नाही.

सरलाताईंनी पुष्कळ सोसलं. मग एके दिवशी म्हणाल्या, "अहो, एका घरात दोन भोंगे नकोत. एक विका. दुसरा कुणी घेणार नाही."

म्हणून हा कॅफे.

"चालू आहे ना?" ईशाने विचारलं. "तसं लिहावं लागतं."

"वाफेवर गर्जायचा. आता पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीवर म्हशीसारखा हंबरतो."

ईशाने 'चालू स्थितीत' एवढंच टाइप केलं. "माझं ऐका, एक रुपया ठेवा. नेटवर लोक कमी भाव बघून घुसतात, मग एकमेकांशी जिद्द लागते. भाव आपोआप चढतो."

"आणि नाही चढला तर?"

"तर एका रुपयात गेला."

"लाखच लिही."

बोली कुणीच लावली नाही. पांडुरंगराव रोज संध्याकाळी कॅफेत चक्कर टाकत, घरी येऊन "मार्केट एकदम ठंडं आहे" असं पडेल चेहऱ्याने सांगत आणि दोन पोळ्या जास्त खात. सरलाताई मात्र भाजी आणायला जरा लांबच्या रस्त्याने जाऊ लागल्या.

मग एका संध्याकाळी पांडुरंगरावांना स्क्रीनवर लाखाच्या जागी सव्वा रुपया दिसला.

"हे कुणी केलं?"

"काकूजी येऊन गेल्या," ईशा म्हणाली. "म्हणाल्या, मार्केट असंच ठंडं राहिलं तर काकाजींचं पोट बिघडेल."

ते तरातरा घरी आले. "सव्वा रुपया? सरला, या भोंग्याने आपल्याला जन्मभर भाकरी दिली."

"सव्वा रुपया शगुनाचा असतो. नारळावर आपण तेवढाच ठेवतो. देव कधी कमी म्हणाला?"

पांडुरंगराव दुसऱ्या दिवशी कॅफेत गेले, 'तुकोजी' हे नाव घेतलं आणि स्वतःच्याच भोंग्यावर बोली लावली. आपल्याच मालावर आपण बोली लावणं नियमात बसत नाही, असं ईशाने सांगितलं. त्यांनी तिला तुकोजीशी बोलायला सांगितलं.

पण तुकोजी एकटा नव्हता. 'जनरल मॅनेजर' नावाचं कुणीतरी मागे लागलं होतं. तुकोजीने शंभर म्हटलं की मॅनेजर दोनशे म्हणे. तुकोजी हजारावर गेला, मॅनेजर दीडवर. बाकीचे कधीच गळाले होते.

"कोण आहे हा भिया?"

"नाव-गाव दिसत नाही, काकाजी. प्रश्न विचारता येतो पण."

"मग विचार. भोंगा कशाला पाहिजे?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'पाळी सुरू करायची आहे.'

पांडुरंगरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कुठेतरी गिरणी उघडत होती. सगळीकडे गिरण्यांना टाळं लागत असताना कुणीतरी वेडा पहिली पाळी सुरू करत होता, आणि त्याला भोंगा हवा होता. ईशा अचानक टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर तपासू लागली.

पुढची बोली टाइप झालेली होती. बटण दाबायचं राहिलं होतं. पांडुरंगरावांनी बोट मागे घेतलं.

"राहू दे. माझ्याकडे तो नुसता टीव्ही बघतो. तिकडे वाजेल तरी."

हातगाडी दुपारी आली. पांडुरंगरावांनी भोंग्याला आपली जुनी रजई गुंडाळली, गाडीवाल्याला खड्डा आला की हळू घ्यायला सांगितलं आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहिले. त्या संध्याकाळी कुकरने सात शिट्ट्या दिल्या. बैठकीतून आवाज आला नाही.

"आज शिट्ट्या मोजल्या नाहीत?" सरलाताईंनी वाढताना विचारलं.

"तू म्हणालीस ना, एक विका. दोन्ही गेले."

सरलाताईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली आणि आत गेल्या.

सकाळी म्हैस हंबरली.

पांडुरंगरावांचे पाय चपलांत आधी गेले, जाग नंतर आली. आवाज गच्चीवरून येत होता. ते धापा टाकत वर पोचले. रजई बाजूला पडली होती, रात्रीत गुपचूप वर चढवलेल्या भोंग्याला पंक्चरवाल्याची हवेची टाकी जोडली होती आणि टाकीच्या चावीवर सरलाताईंचा हात होता. दुसऱ्या हातात डबा.

"पहिली पाळी लागली," त्या म्हणाल्या. "ईशाकडे जायचं. गिरणीवाल्यांची तिथे लाइन लागलीय. कुणाला शिलाई मशीन विकायची, कुणाला रेडिओ, आणि सुरुवातीचा भाव एकालाही सुचत नाही. संध्याकाळचा भोंगा झाल्याशिवाय घराचं गेट उघडणार नाही."

"सरला, तू घेतलास?"

"ड्यूटीवर सरला नाही. जनरल मॅनेजर म्हणायचं."

पांडुरंगरावांनी डबा घेतला, बंडीची गुंडी लावली आणि ताठ उभे राहिले.

"जनरल मॅनेजर साहेबांच्या सेवेशी सविनय सादर, की अर्जदारास आजच्या आज स्वेच्छानिवृत्ती मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."