बुवांच्या हातातली बाटली

बुवांनी पाण्याची रिकामी बाटली उंच धरली तेव्हा सगुणाबाई बायांच्या पहिल्या ओळीत डोळे मिटून बसल्या होत्या.

काल्याचं कीर्तन होतं. हिर्डोशीच्या देवळापुढचा मांडव सप्ताहभर नामानं भरून राहिला होता. आता दहीहंडी फुटायची, प्रसाद व्हायचा आणि मग लोक पांगायचे. काल्याआधी कुणी जागचं हलत नाही. सगुणाबाई तर कुठल्याच कीर्तनातून आजवर मधे उठल्या नव्हत्या.

"ही बाटली बघा, बाळांनो," बुवा म्हणाले. "घट्ट बूच लावलं आन् तुमच्या धरणात सोडली. बुडंल का?"

"न्हाई!" पोरं एका सुरात ओरडली.

"का न्हाई? पोटात काय ठेवलं न्हाई म्हणून. मीपणा ओतून टाका, वर नामाचं बूच लावा. मग पाणी किती का खोल असंना. बुडंल का?"

"न्हाई बुडत!"

सगळ्यांच्या वर आवाज चढला तो शेफालीचा, रत्नाच्या सात वर्षांच्या लेकीचा. रत्नाला हसू आलं. तिनं कौतुकानं सासूकडे, सगुणाबाईंकडे पाहिलं.

सगुणाबाईंनी डोळे उघडले होते. त्या उठल्या. टाळकऱ्यांच्या मधून वाट काढत थेट बुवांपुढे गेल्या, त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि मांडवाबाहेर चालू लागल्या. मृदुंग थांबला.

"बुवा, फेटा सांभाळा," मागून गेनबा म्हणाला. "म्हातारी त्यात पण मिरची लावंल."

मांडव हसला. बुवाही हसले. "जाऊ द्या. आई, काला तरी घेऊन जा." सगुणाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. रत्ना शरमेनं लाल झाली. शेफालीला शेजारणीच्या हवाली करून ती सासूच्या मागं निघाली.

सगुणाबाईंचं बाटल्यांचं वेड सगळ्या गावाला ठाऊक होतं. रिकामी बाटली आणून द्या आणि मिरचीचं नाहीतर वांग्याचं रोप घेऊन जा, असा त्यांचा रिवाज. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की त्या पत्रावळींमधून बाटल्या वेचत फिरायच्या. घरी आणल्या की आधी बूच काढून फेकायच्या. मग विळीवर कंबरेतून दोन तुकडे. खालच्या तुकड्याला तापल्या दाभणानं भोकं पाडून त्यात माती आणि शेणखत भरायचं, बी टोकायचं आणि वरचा तुकडा टोपीसारखा बसवायचा. पडवीत ओळीनं मांडलेल्या त्या बाटल्या सकाळी आतून धुकटलेल्या असत. आत कुणीतरी श्वास सोडत बसलंय, असं रत्नाला वाटे. ती तिकडे बघायचं टाळी.

भोरहून रोपांचे तयार ट्रे आणू, असं रत्नानं कितीदा सुचवलं. "ट्रे नको," एवढंच उत्तर. एकदा शेफालीनं भातुकलीसाठी दोन अख्ख्या बाटल्या घेतल्या, तर नातीवर जीव टाकणाऱ्या आजीनं त्या हिसकावून घेतल्या. पोर दिवसभर मुसमुसत होती. त्या दिवसापासून रत्नाच्या मनात सल होता.

रत्ना घरी येऊन बघते तर सगुणाबाई विळीवर बसलेल्या. समोर भिंतीवर नूतनचा फोटो. नूतन म्हणजे रत्नाची नणंद. रत्ना लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधी, शेफालीएवढी असतानाच, धरणात गेलेली. पाण्यानं नेली, एवढंच नवऱ्यानं सांगितलं होतं. पुढं त्या घरात कुणी बोलत नसे.

"आत्या, एका बाटलीसाठी काल्याचं कीर्तन मोडलंत? लोक काय म्हणत असतील?"

बाटलीचे दोन तुकडे झाले. सगुणाबाईंनी ते उचलले आणि परसदारी भिरकावले. रत्ना दारात गेली. परसात, कुडाच्या आड, कापलेल्या बाटल्यांचा कमरेएवढा ढीग होता. ना माती, ना बी. नुसते तुकडे.

"ह्यात तर कायबी लावलेलं न्हाई," रत्ना म्हणाली. "मग कापता कशाला?"

"रोपासाठी कोण कापतंय?"

सगुणाबाई विळीची धार अंगठ्यानं चाचपत राहिल्या. मग फोटोकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला पवायला शिकायचं व्हतं. आळीतली समदी पोरं बाटल्या बांधून पवायची. हिच्या पाठीला म्याच बांधल्या, दोन. बुचं पण म्याच लावली, घट्ट."

तेवढ्यात देवळाचा कर्णा घुमला. बुवांनी तुटलेला धागा पुन्हा धरला होता.

"मग सांगा बाळांनो, बुडंल का?"

"न्हाई!" सगळं गाव ओरडलं. त्यात शेफालीचा आवाज पुन्हा वेगळा ऐकू आला.

सगुणाबाईंनी मान हलवली, जणू त्यांनाच विचारलं होतं.

"न्हाई बुडल्या," त्या म्हणाल्या. "दोरी सुटली. बाटल्या तेवढ्या वर आल्या."