नऊ नंबरचं स्थळ

“जिन्यातच थुंकलेत मेले! शी!” आशाबाईंनी पदर नाकाला लावला आणि पायऱ्यांवरच्या लाल पिचकाऱ्या टाळत पाय उचलला.

पुढं त्यांचा मुलगा विश्वजीत, मागं धापा टाकत नवरा बन्सीभाऊ. चिकलठाण्यातली ही नवी वसाहत, पण बिल्डरला भलतीच हौस. साध्या आकड्यांनी त्याचं काय बिघडलं होतं कोण जाणे, प्रत्येक इमारतीवर नंबर रोमन आकड्यांत. लासूर स्टेशनहून आलेल्या नवराबायकोला त्यातलं ओ की ठो कळेना. विश्वजीतनंच खाली पाटी वाचून सांगितलं होतं, “हीच नऊ नंबर. दुसरा मजला, डावीकडं.”

प्रेरणा विश्वजीतच्याच कंपनीतली. दोघांचं कधीचं जमलं होतं. पोरानं स्वतः मुलगी शोधली, हेच आशाबाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. फोटोसुद्धा त्यांनी बघितला नव्हता. “समोर बघीन, मग सांगीन,” एवढ्यावर त्या आल्या होत्या. आणि प्रेरणाच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, सासू मनापासून राजी नसेल तर पोरगी देणार नाही. म्हणजे आज आशाबाईंनी नाक मुरडलं की विषय संपला.

बन्सीभाऊ तर वाटेतच म्हणाले होते, “थोरल्याच्या वक्ताला एका दिवशी दोन घरं बघितली म्हणून सून मिळाली. हिला पहिल्या घरात सगळं ओकून टाकावं लागतं. मग दुसऱ्या घरात लई गोड वागती.”

“तोंड सांभाळा तुमचं,” आशाबाई म्हणाल्या होत्या.

दार एका हडकुळ्या गृहस्थानं उघडलं. “या, या! सकाळपासून वाट बघायलोत.”

आशाबाई खुर्चीवर फुंकर मारून टेकल्या. पंख्यावर धूळ होती, ती त्यांना दिसली. पाण्याच्या पेल्याला वास येत होता, तो त्यांनाच आला. पोह्यांत केस सापडला. केस कसला, कोथिंबिरीचा देठ होता; पण त्यांनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. घरच्या बाईनं मुकाट्यानं बशी उचलली.

मग मुलगी चहा घेऊन आली. तिला बघताच विश्वजीत अर्धवट उठला. “आई, थांब. आपण जरा...”

“बस खाली! मोठी माणसं बोलताना मधी बोलायचं नाय.” आशाबाईंची नजर मुलीच्या हातांवर खिळली होती. बोटांची कातडी सोललेली, जागोजागी लाल. “अगं बाई! हे काय? खरूज?”

“नाही काकू. भांड्यांच्या साबणानं होतं,” मुलगी पुटपुटली.

“त्याच हातानं चहा केलास? मला मळमळायला लागलं.” त्यांनी कप दूर सारला. “पावण्यांपुढं आणायच्या आधी पोरीला जरा घासून धुऊन तरी घ्यायचं!”

मुलीनं हात ओढणीत लपवले आणि ती आत गेली. आतून हुंदका ऐकू आला, तरी ही बाई चप्पल शोधत होती. अशा जिभेला काय म्हणावं! ऐकणाऱ्यालाच शिसारी यावी.

खाली आल्यावर विश्वजीत पाटीसमोर थांबला. त्याचा चेहरा पडला होता.

“आई, ती प्रेरणा नव्हती. आपण चुकीच्या घरात गेलो.”

“आं?”

त्यानं पाटीवरच्या XI वर बोट ठेवलं. “ही अकरा आहे. लहान आकडा डावीकडं असला तर वजा करायचा, उजवीकडं असला तर मिळवायचा. IX म्हणजे दहातून एक गेला, नऊ. इथं एक उजवीकडं आहे. घाईत मी उलटं वाचलं.”

“मग पोहे कुणासाठी केले व्हते त्यांनी?” बन्सीभाऊंनी विचारलं.

“त्यांच्याकडंही कुणी बघायला येणार असेल. लगीनसराई आहे.”

“म्हणजे दुसऱ्याचे पोहे हाणले आपण!” बन्सीभाऊ हसले, मग त्यांनी जिन्याकडं बघितलं. “वर जाऊन माफी मागावी का गं?”

“ओळख ना पाळख, माफी कशाची?” आशाबाईंनी पदर सारखा केला. लाज वाटायच्या ऐवजी बाईला मोकळं मोकळं वाटत होतं.

समोरच्या इमारतीचा जिनाही काही कमी रंगलेला नव्हता. आशाबाई तो बन्सीभाऊंशी बोलत चढून गेल्या. प्रेरणाच्या घरी चहा मिट्ट गोड होता. त्यांनी अजून अर्धा कप मागितला. मांजर येऊन पायाशी बसलं, तर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. प्रेरणाला जवळ बसवून कडाकडा बोटं मोडली. “नक्षत्रावानी पोर हाय! आमच्याकडून होकार समजा.”

प्रेरणाच्या वडिलांचे डोळे भरून आले. पेढ्यांचा पुडा फुटला. तेवढ्यात विश्वजीतचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला.

“विश्वजीतराव, मी अकरा नंबरातून बोलतोय,” मघाच्याच त्या हडकुळ्या गृहस्थाचा आवाज होता. “नकार दिला, त्याचं काही नाय. पण काल तुम्ही स्वतः फोन केला, तव्हाच मी पोरीच्या हाताचं सांगितलं व्हतं. म्हटलं, तुमच्या आईला चालत नसलं तर येऊच नका. तुम्हीच म्हणालात ना, आईला असल्या गोष्टींचं काही नसतं, आम्ही येतोच म्हणून?”

विश्वजीतनं आत बघितलं. आशाबाई प्रेरणाला पेढा भरवत होत्या. त्यानं तो नंबर ब्लॉक केला आणि पेढा खायला आत गेला.