आधी हत्ती

सोलापूरच्या गिरणीचा दुपारचा भोंगा. चौऱ्याहत्तर सालचं कॅलेंडर. खिडकीत खोकल्याचं औषध. कडेचं प्यादं दोन घरं पुढं.

बुद्धिबळात गुरप्पा स्वतःच शोधलेली सुरुवात खेळायचा: आधी हत्ती बाहेर. नवखा गडी त्यानं बावचळायचा. पण हत्ती थेट समोरच्या उंटाच्या वाटेत यायचा, आणि त्याचा दोस्त कल्लप्पा तो अकरा वर्षं न चुकता मारत आला होता.

आज कल्लप्पानं नुसतं प्यादं सरकवलं.

“उंट आंधळा झाला का रं?” गुरप्पानं विचारलं.

“न्हाय दिसला हत्ती.”

“रोज बरा दिसतोय की.”

कल्लप्पा पटाकडंच बघत राहिला. गुरप्पानं आपला हत्ती स्वतःच पटाबाहेर काढला आणि त्या घरात कल्लप्पाचा उंट ठेवला.

“हं. आता खेळ.”

सकाळी गुरप्पाच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी कल्लप्पाला एकट्यालाच आत बोलावलं होतं.