साठ खोकी

मालकाने हमालांकडून पिकअपमध्ये फरशीची साठ खोकी चढवली, तसा ड्रायव्हर चावी घेऊन खालीच उभा राहिला.

"शेठ, या गाडीची ताकद बाराशे किलोची. त्यात मी आणि सोबतचा हमाल, दीडशे गेले. एक खोकं तीस किलोचं, म्हणजे पस्तीसच बसतात. साठ घेऊन घाटाचा उतार उतरायचा म्हटलं, तर ब्रेक नावापुरताच."

"मला शिकवतोस? अरे, वीस वर्षं गाड्या पाळतोय मी! असले आकडे कंपनीवाले भित्र्यांसाठी लिहितात. जमत नसेल तर घरी बसून लसूण सोल!"

हमाल फिदीफिदी हसले. ड्रायव्हरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण जिभेवर त्याने साखर ठेवली. मालकाचा जावई शेजारीच उभा होता. सासऱ्याच्या धंद्यात घुसायला तो कधीचा टपलेला. ड्रायव्हरने चावी त्याच्या हातावर ठेवली.

"जावईबापू, माझी कंबर धरलीय. गाडी एकदम ठणठणीत आहे, शेठच म्हणतात. आजची खेप तुम्हीच मारा की!"

जावई टुणकन उडी मारून आत बसला. त्याने गाडी चालू केली, आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत गाडीच्या आडवा आला.

"थांब, थांब! ए, बघत काय बसलात? खोकी उतरवा!"

"किती, शेठ? पस्तीस ठेवू?" हमालाने विचारलं.

"पस्तीस नको, तीसच ठेव!" मालक खेकसला. "दिसत नाही का, आत माणूस बसलाय!"